लुईस कॅरॉल

लुईस कॅरॉल (जन्म : डेअर्सबरी, चेशायर, २७ जानेवारी १८३२, मृत्यू : गिल्डफर्ड, सरे, १४ जानेवारी १८९८) हे इंग्रज बालसाहित्यिक, गणितज्ञ आणि तर्कशास्त्रज्ञ होते. त्यांचे मूळ नाव चार्ल्स लटविज डॉजसन. गमतीने घडवलेल्या नव्या शब्दांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत.

जीवन

धर्मोपदेशकाच्या अकरा अपत्यांपैकी डॉजसन हे तिसरे होते. भावंडांच्या करमणुकीसाठी ते हस्तलिखित नियतकालिके काढीत. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात १८५५ ते १८८१ या काळात त्यांनी गणिताचे अध्यापन केले. बोलताना ते अडखळत असत. १८५६ मध्ये त्यांनी आपल्या पहिल्या दोन नावांची लॅटिन रूपे घेतली, त्यांचा क्रम उलटवला आणि त्यांना पुन्हा इंग्रजी वळण देऊन 'लुईस कॅरॉल' हे टोपणनाव तयार केले.

शब्दनिर्मिती

'ॲलिस इन वंडरलँड' (१८६५) नंतरच्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' (१८७१) या पुस्तकात 'जॅबरवॉकी' ही कविता आहे. तिचे पहिले कडवे त्यांनी १८५५ मध्ये घरगुती नियतकालिकासाठी लिहिले होते. कवितेतील अनेक नामे, विशेषणे व क्रियापदे कल्पित आहेत. अव्यये, प्रत्यय आणि वाक्यरचना मात्र नेहमीच्या इंग्रजीतील आहेत. त्यामुळे शब्द अनोळखी असूनही घडणारी गोष्ट वाचकाला समजते.

याच पुस्तकात हम्प्टी डम्प्टी हे पात्र त्या शब्दांची फोड करते. 'स्लायदी' या शब्दात लवचीक आणि बुळबुळीत असे दोन अर्थ एकत्र भरले आहेत. अशा शब्दाला कॅरॉल यांनी 'पोर्टमँटो', म्हणजे दोन कप्प्यांची प्रवासी पेटी, असे नाव दिले. पुढे रूढ झालेले 'ब्रंच' व 'स्मॉग' हे शब्द याच प्रकारात मोडतात.

'सिम्बॉलिक लॉजिक' (१८९६) या ग्रंथात त्यांनी हाच विषय गांभीर्याने मांडला. लेखकाने आरंभीच स्पष्ट केल्यास त्याला कोणत्याही शब्दास हवा तो अर्थ देता येतो, असे त्यांचे मत होते. याउलट 'द हंटिंग ऑफ द स्नार्क' (१८७६) या दीर्घकाव्यातील 'स्नार्क' म्हणजे काय, हे आपल्यालाही ठाऊक नसल्याचे ते सांगत.

प्रभाव

'जॅबरवॉकी'तील बरेच शब्द कवितेपुरतेच राहिले. 'चॉर्टल' (खुदखुदत हसणे) हा शब्द मात्र रोजच्या इंग्रजीत रुळला. 'स्नार्क'मधील 'बूजम' हे नाव भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मर्मिन यांनी अतिप्रवाही हेलियम-३ मधील एका रचनेला दिले आणि ते शास्त्रीय परिभाषेत स्वीकारले गेले.