धंदा विचारणारा डॉक्टर

इटलीतल्या मोडेना शहरात घरांचे मैल्याचे खड्डे दर तीन वर्षांनी उपसले जात. बर्नार्दिनो रामाझिनी यांच्या घरी असे काम चालू असताना एक कामगार जराही उसंत न घेता राबताना त्यांना दिसला. एवढी घाई कशाला, असे त्यांनी विचारले. चार तासांहून जास्त वेळ या खड्ड्यात राहणे म्हणजे आंधळे होणेच, असे तो म्हणाला. रामाझिनींनी त्याचे डोळे पाहिले. ते लालभडक आणि निस्तेज झाले होते. हेच काम करून दृष्टी गमावलेली माणसे शहरात भीक मागताना त्यांनी पाहिलीही होती.

रामाझिनी १६३३ मध्ये कार्पी गावी जन्मले, पार्म्याला वैद्यक शिकले आणि १६८२ पासून मोडेनाच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. या प्रसंगानंतर ते कारागिरांच्या दुकानांतून हिंडू लागले. १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवरचा त्यांचा लॅटिन ग्रंथ निघाला. रुग्णाला काय काय विचारावे हे हिपोक्रेटिसने सांगून ठेवलेच होते; रामाझिनींनी त्यात एका प्रश्नाची भर घातली: तुमचा धंदा कोणता?

त्यांच्या ग्रंथात बैठे काम करणाऱ्यांचे प्रकरण आजही ओळखीचे वाटते. शिंपी आणि चांभार दिवसभर वाकून बसत. सणाच्या दिवशी त्यांची मिरवणूक निघाली, की पोक काढलेली, लंगडत, डुलत चाललेली ती रांग पाहून रामाझिनींना हसू येई. हे हसू आज खटकते. पण त्यांचा सल्ला मात्र कळकळीचा होता. निदान सुटीच्या दिवशी तरी या लोकांनी अंग हलवावे, व्यायाम करावा. अनेक दिवसांच्या बैठकीचे नुकसान त्या एका दिवसाने थोडे तरी भरून निघेल. धंदा सोडा, असे ते सांगू शकत नव्हते. पोट त्यावरच होते.

याच ग्रंथात धावणाऱ्यांवरही एक प्रकरण आहे. सरदारांच्या गाड्यांपुढे पळणे हीच ज्यांची नोकरी, त्यांना अंतर्गळ, दमा होई, थुंकीतून रक्त पडे. शिंप्याला जे औषध, तेच या माणसाला दुखणे! आपल्या मर्जीने, हवे तेव्हा थांबता येईल असे धावणे वेगळे आणि मालकाच्या घोड्यांच्या चालीने धावणे वेगळे. व्यायामाचा विचार करताना ही गोष्ट अजूनही सहसा सुटून जाते.

बसून काम करण्याचा हृदयाशी असलेला संबंध आकड्यांनी पुढे यायला १९५३ उजाडले. लंडनच्या बसगाड्यांत दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले.

रामाझिनी १७०० मध्येच पादुआच्या विद्यापीठात गेले. उतारवयात त्यांची स्वतःची नजर अधू झाली. तरीही १७१३ मध्ये त्यांनी ग्रंथाची वाढीव आवृत्ती काढली. तीत कारकुनांची भर पडली: सतत बसणे, हात एकाच तऱ्हेने चालवणे आणि हिशेब चुकू नये म्हणून डोक्याला ताण. पुढच्याच वर्षी, ८१व्या वर्षी, ते पादुआत वारले.