गॅरी गायगॅक्स : दोन पेशांची किंमत ठरवणारा माणूस

शनिवारी रात्री अमेरिकेतल्या काही मराठी घरांच्या तळघरांत मुले वीस बाजूंचा फासा टाकत बसलेली असतात. आपल्या लढवय्याने थोडी जादूही शिकावी की नाही, आणि तो शिकत बसला तर चमूचे रक्षण कोणी करायचे, यावर त्यांचा तासन्‌तास वाद चालतो. या वादाचे नियम ज्यांनी प्रथम लिहिले ते गॅरी गायगॅक्स २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत जन्मले. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारे. १९४६मध्ये कुटुंब विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावी स्थायिक झाले. गायगॅक्स यांचे उर्वरित आयुष्य बव्हंशी याच गावाभोवती गुंफलेले राहिले.

शाळा त्यांनी अर्धवट सोडली. पुढे शिकागोतील एका विमा कंपनीत ते अंडररायटर झाले. कोणत्या जोखमीला किती हप्ता लावायचा, हे ठरवणे हे त्यांचे दिवसाचे काम, आणि फावल्या वेळी शिशाच्या सैनिकांचे युद्धखेळ. १९६८मध्ये गावचा हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन त्यांनी खेळाडूंचा मेळावा भरवला. आजचे ‘जेन कॉन’ ते हेच. पुढच्या वर्षी तेथे मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांची गाठ पडली. १९७०मध्ये नोकरी गेली. पदरी पाच मुले; गायगॅक्स घरच्या तळघरात जोडे दुरुस्त करू लागले.

आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’मध्ये प्रत्येक खेळाडू सैन्य नव्हे, तर एकच पात्र चालवी, आणि ते पात्र डावागणिक अनुभवाने वाढत जाई. १९७२च्या अखेरीस त्यांनी तो खेळ लेक जिनिव्हात दाखवला. गायगॅक्स यांनी त्याला नियमांचे रूप दिले आणि बालमित्र डॉन के यांच्यासह १९७३मध्ये टीएसआर ही संस्था काढली. जानेवारी १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या एक हजार प्रती निघाल्या.

त्यात पेशे तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. एकाकडे तलवार, दुसऱ्याकडे मंत्र, तिसऱ्याकडे जखमा भरून काढण्याचे सामर्थ्य. कोणी एकटा तगू नये, अशीच ही वाटणी. एल्फ मात्र एका मोहिमेत लढवय्या तर दुसरीत जादूगार होऊ शके. पण त्याला मर्यादा होती : लढवय्या म्हणून चौथी पातळी, जादूगार म्हणून आठवी. माणसाला अशी मर्यादा नव्हती.

१९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये हा हिशेब अधिक काटेकोर झाला, आणि येथे विमा कंपनीतला जुना अंडररायटर आठवल्याशिवाय राहत नाही. एकाच वेळी अनेक पेशे चालवण्याची मुभा फक्त मानवेतर वंशांना. मिळालेले अनुभवगुण सर्व पेशांत सारखे वाटायचे. एका पेशाची कमाल पातळी गाठल्यावरही त्याचा वाटा वायाच जाणार. माणसाला पेशा बदलता येई, पण जुन्यासाठी १५ आणि नव्यासाठी १७ गुणांची पात्रता हवी. नवी पातळी जुनीच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली, तर त्या मोहिमेचा अनुभव बुडे. एक ना धड भाराभर चिंध्या, ही आपली म्हण त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. नियम मात्र तिच्याच धाकाने लिहिल्यासारखे वाटतात. खेळाडूंना हे जाचक वाटे आणि अनेक जण मर्यादा सरळ धुडकावत. गायगॅक्स मात्र खेळाचे जग मानवकेंद्रीच राहावे यावर ठाम होते.

कागदावर चमूचा तोल असा सांभाळणाऱ्या या माणसाला स्वतःचा चमू टिकवता आला नाही. डॉन के जानेवारी १९७५मध्ये हृदयविकाराने गेले. त्यानंतर भागीदार ब्रायन ब्लूम यांच्या कुटुंबाकडे बहुमत आले. मानधनावरून आर्नेसन यांनी १९७९मध्ये दावा लावला. तडजोड १९८१मध्ये झाली. या वादात आर्नेसन यांच्या वाट्याला श्रेय कमी आले, हे नाकारता येत नाही. गायगॅक्स हॉलिवूडमध्ये कार्टून मालिकेच्या कामात असताना मागे संस्था कर्जात बुडत होती. परत येऊन त्यांनी सूत्रे घेतली. संस्थेला आधार देणाऱ्या ‘अनअर्थ्ड आर्काना’ या १९८५च्या पुस्तकात त्यांनी मानवेतरांच्या पातळ्यांची मर्यादा स्वतःच वाढवली. त्याच वर्षी लोरेन विल्यम्स यांनी ब्लूम कुटुंबाचे समभाग घेतले आणि गायगॅक्स पदावरून दूर झाले. न्यायालयातही हरले, १९८६मध्ये संस्था सुटली.

१९९९च्या ‘लेजेंडरी अ‍ॅडव्हेंचर’मध्ये त्यांनी पेशांऐवजी कौशल्यांवर भर दिला. २०००मध्ये नव्या मालकांनी आणलेल्या तिसऱ्या आवृत्तीने वंशांच्या सर्व मर्यादा काढल्या. कोणालाही कोणताही पेशा जोडता येऊ लागला. गायगॅक्स घरी मित्रांसह खेळत राहिले. ४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९व्या वर्षी, लेक जिनिव्हातच त्यांचे निधन झाले. अंत्यविधीनंतर जमलेली मंडळी गावातील अमेरिकन लीजन हॉलमध्ये गेली आणि टेबले मांडून खेळायला बसली.