चरित्रपाठ : रॉबर्ट बॉश आणि भिंतीला भोक पाडणारा हातोडा



मागच्या महिन्यात आमच्या वर्गात टीव्ही बसवला. भिंतीला भोकं पाडायला एक वायरमन दादा आले होते. मशीनचा आवाज ऐकून सगळी शाळा दारात गोळा झाली. दादांनी कौतुकाने सातवीतल्या एका मुलाच्या हातात मशीन दिलं. मी लगेच थांबवलं, तर पोरगा हिरमुसला. तो सुट्टीत मामाबरोबर फिटिंगच्या कामाला जातो, तिथे हे मशीन चालवतोच, असं त्याचं म्हणणं. कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाला, कुणी नाही, बघून बघून आलं.

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. नुसतं रागावून उपयोग नव्हता. मशीनवर बॉश हे नाव होतं. मग दुसऱ्या दिवशी परिपाठात त्या नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली. तीच इथे देत आहे. आपल्या वर्गात जरूर वापरा.

बालपण आणि शिकाऊ दिवस

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक या गावी झाला. वडिलांची शेती होती आणि एक खाणावळवजा धर्मशाळाही होती. बारा भावंडांत रॉबर्ट अकरावे. वडील वाचनाची आवड असणारे होते आणि मुलांनी शिकावं असं त्यांना वाटायचं. रॉबर्ट शाळेत फार चमकले नाहीत. 1876 साली, पंधराव्या वर्षी, ते उल्ममध्ये एका बारीक यंत्रकाम करणाऱ्या कारागिराकडे शिकाऊ म्हणून लागले.

तिथे तीन वर्षं गेली. पण मालक बऱ्याचदा दुकानात नसायचा आणि शिकवण्याकडे त्याचं लक्षच नसायचं. मुलाने आपलं आपण बघावं, जमेल तसं करावं. म्हणजे आमच्या सातवीतल्या मुलासारखंच, बघून बघून! या दिवसांची कडू आठवण बॉश यांच्या मनात कायम राहिली. पुढे त्यांनी काय केलं ते समजायला ही आठवण लक्षात ठेवावी लागते.

नंतर त्यांनी ठिकठिकाणी नोकऱ्या केल्या. स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेत काही काळ व्याख्यानं ऐकली. 1884 साली अमेरिकेला गेले आणि एडिसन यांच्या कारखान्यात काम केलं. तिथून इंग्लंडला जाऊन सीमेन्सच्या कारखान्यातही हात काळे केले.

मागच्या अंगणातला कारखाना

15 नोव्हेंबर 1886 रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःची कार्यशाळा उघडली. जागा एका इमारतीच्या मागच्या बाजूला. माणसं तीन : स्वतः बॉश, एक कारागीर आणि एक सांगकाम्या पोरगा. टेलिफोन बसवणं, विजेची छोटी कामं, दुरुस्ती, जे मिळेल ते काम घ्यायचं. कामावर देखरेख करायला बॉश सायकलवरून गावभर फिरायचे. मंदीचे दिवसही आले आणि माणसं कमी करावी लागली.

1887 साली एका गिऱ्हाइकासाठी त्यांनी मॅग्नेटो तयार केला. इंजिनात इंधन पेटायला ठिणगी लागते, ती ठिणगी देणारं हे यंत्र. मूळ कल्पना त्यांची नव्हती, पण आधीच्या यंत्रातल्या उणिवा काढून त्यांनी ते सुधारलं. 1897 साली तो मॅग्नेटो मोटारीच्या तीनचाकीवर बसला. 1902 साली त्याचा उच्च दाबाचा नवा प्रकार आणि त्यासोबतचा स्पार्क प्लग आला आणि बॉश हे नाव जगभर झालं.

हे 1902 चं काम केलं गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरने. आणि हा होनोल्ड कोण? बॉश यांच्याच छोट्या कार्यशाळेत आधी शिकाऊ म्हणून राबलेला मुलगा! नीट शिकवलेला मुलगा कुठपर्यंत जातो, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

मालक म्हणून

1906 साली बॉश यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. 1910 पासून शनिवारी दुपारी सुट्टी. दमलेला माणूस चुका करतो आणि यंत्रासमोर चूक महाग पडते, हे त्यांना कळत होतं. 1913 साली त्यांनी शिकाऊ मुलांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण विभाग काढला. आपल्याला जे मिळालं नाही, ते पुढच्या मुलांना मिळावं!

सगळं गोड होतं असं नाही. त्याच 1913 साली कारखान्यात मोठा संप झाला. पहिल्या महायुद्धात युद्धसामग्रीतून झालेला नफा त्यांना खुपत होता. त्यातली मोठी रक्कम त्यांनी नेकार नदीचा जलमार्ग तयार करण्यासाठी देऊन टाकली. 1921 साली त्यांचा तरुण मुलगा दीर्घ आजाराने गेला.

काटकसरीबद्दल त्यांची एक गोष्ट सांगतात. जमिनीवर पडलेली कागदाची पिन उचलून ते समोरच्याला विचारायचे, हे काय आहे? तो म्हणायचा पिन, आणि ते म्हणायचे, हे माझे पैसे आहेत. मुलांना ही गोष्ट फार आवडते. खडूचे तुकडे उचलायला लागतात!

हॅमर ड्रिल

1920 च्या दशकात मोटारउद्योग अडचणीत आला. फक्त मोटारींवर अवलंबून राहणं धोक्याचं, हे ओळखून कंपनीने इतर वस्तू करायला घेतल्या. 1928 साली हातातच मोटार असलेलं केस कापायचं यंत्र आलं. 1932 साली बॉश हॅमर बाजारात आला, म्हणजे दगड-काँक्रीटवर ठोके देणारं विजेचं हत्यार. हे बॉश यांनी स्वतः टेबलावर बसून रेखाटलं नाही, ते त्यांच्या कंपनीचं काम.

यात नवं काय, ते मुलांना सायकलच्या पंपाने दाखवा. पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा. आतली हवा स्प्रिंगसारखी उसळते. हॅमर ड्रिलमध्ये मोटार एक दट्ट्या पुढे-मागे हलवते. दट्ट्यापुढे हवा कोंडलेली असते. ती हवा पुढच्या लोखंडी तुकड्याला ढकलते आणि तो बिटच्या मागे ठोका देतो. बिट फिरतही असतो. ठोका काँक्रीट फोडतो आणि फिरणं चुरा बाहेर काढतं. म्हणून या मशीनवर अंगाचा जोर द्यावा लागत नाही. जोर देणारा माणूस उलट दमतो आणि बिट अडकवतो.

शिकवायचं तर असं

हे मशीन मुलांच्या हातात द्यायचं नाही, हे आधी स्पष्ट. पण मोठ्यांनी ते कसं चालवायला हवं, हे मुलांना माहीत असलं पाहिजे. उद्या तीच आयटीआयला जाणार आहेत. आम्ही फळ्यावर हे लिहिलं :

1. भिंतीत काय आहे ते आधी बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायर असते. नळाच्या रेषेत पाइप असतो. तिथे भोक नको. शंका असेल तर मेन स्विच बंद करा आणि मशीनला वीज दुसरीकडून घ्या.
2. वायर कुठे सोललेली नाही ना, प्लग सैल नाही ना, हे तपासा. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडा, नाहीतर ती तापते.
3. डोळ्यांवर चष्मा, नाकावर चांगला मास्क, कानांवर संरक्षण. काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसात बसते, ती बाहेर निघत नाही. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस, गळ्यातली साखळी चालणार नाही.
4. बिट बसवताना आणि काढताना प्लग काढलेला हवा. नुसता स्विच बंद पुरत नाही. खाचा असलेला बिट पुसून, टोकाला थोडं ग्रीस लावून, फिरवत आत ढकलायचा आणि ओढून बघायचा. निघाला नाही म्हणजे बसला.
5. बाजूचा दांडा घट्ट आवळा आणि खोलीची पट्टी हव्या त्या मापावर लावा. काँक्रीटसाठी ठोका आणि फिरणं दोन्ही. लाकूड, लोखंड, फरशी यांना ठोका बंद.
6. दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात मशीनवर. शिडी हलती नको. बिट सळईला अडकला की मशीनच हाताला पिळा देतं. आतला क्लच बहुतेकदा सुटतो, पण पकड सैल असेल तर मनगट जातं. बटण चालू ठेवायचं लॉक अशा कामात लावू नका.
7. सुरुवात हळू. बिट भिंतीला काटकोनात. अधूनमधून बाहेर काढून चुरा निघू द्या.
8. काम झालं की बिट पूर्ण थांबू द्या, प्लग काढा, मगच खाली ठेवा. बिट तापलेला असतो, लगेच हात लावू नका. भोकातली धूळ काढल्याशिवाय प्लास्टिकची गिट्टी बसवली तर स्क्रू पकडत नाही आणि वर टांगलेली वस्तू खाली येते. टीव्ही मुलांच्या डोक्यावर असतो, हे विसरू नका.

शेवटची वर्षं

हिटलरच्या राजवटीत बॉश यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली. त्यांच्या जवळच्या सहकाऱ्यांचा राजवटीच्या विरोधकांशी संबंध होता. पण त्याच काळात कंपनीने युद्धसामग्री बनवली आणि सक्तीने आणलेल्या माणसांकडून काम करून घेतलं, हेही खरं आहे. मोठ्या मुलांना ही बाजूही सांगावी. चरित्र म्हणजे फक्त आरती नव्हे.

1940 साली त्यांच्या देणगीतून स्टुटगार्टमध्ये रुग्णालय सुरू झालं. 12 मार्च 1942 रोजी ते वारले. आज कंपनीची बहुतांश मालकी त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहे. आपल्याकडे नाशिकला सातपूरमध्ये या कंपनीचा कारखाना आहे. नाशिकच्या शिक्षकांनी मुलांना हे नक्की सांगावं.

गोष्ट संपल्यावर तो सातवीतला मुलगा पुढे आला. मामा चष्मा लावत नाही, असं म्हणाला. मी फळ्यावरचे आठ मुद्दे त्याला वहीत लिहून घ्यायला सांगितले आणि मामांना दाखव म्हटलं. मशीन मामांनीच चालवायचं, तू फक्त लांबून बघायचं, हेही मामांनाच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे मॅडम, आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं.

पालकांनो, तुमच्यापैकी अनेकजण ही कामं रोज करता. तुम्हालाही बघून बघूनच शिकावं लागलं असेल. पुढच्या पिढीला तरी नीट शिकवूया.

वर्गात विचारण्यासाठी : रॉबर्टच्या मालकाचं काय चुकलं? तुम्ही घरातलं कोणतं काम कुणी न शिकवता करता? त्यात काय धोका आहे?