शाहू महाराज आणि रयतेचं आरोग्य

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. या अंकात साधुसंतांची चरित्रे पुष्कळ येतील. आम्ही चौथी शिकलेला शेतकरी माणूस, कीर्तनाची सेवा करतो. आम्ही छत्रपती शाहू महाराजांचं चरित्र थोडक्यात सांगतो. माणूस निरोगी कशानं राहतो, हे त्यांच्या कारभारातून उमगतं.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा, कागलकर घाटग्यांच्या घरातला. मूळ नाव यशवंतराव. 1884 साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले आणि 2 एप्रिल 1894 ला कारभार हाती घेतला. दोन वर्षं झाली आणि 1896 ला पावसानं दगा दिला. दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. पंचविशीच्या आतल्या राजापुढं भूक आणि रोगराई एकदमच उभी राहिली.

उपाशी माणसाला रोग लवकर धरतो. म्हणून महाराजांनी आधी पोटाची सोय बघितली. स्वस्त धान्याची दुकानं उघडली, रोजगाराची कामं काढली, शेतकऱ्याला तगाई दिली, जनावरांना वैरण दिली. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांनी. गावं खाली करून लोकांना रानात खोपी घालून राहायला लावलं. लस टोचून घ्यायला माणसं भ्यायची, त्यांना धीर दिला.

दुष्काळ पुन्हा येणार हे ओळखून भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. त्यांच्या हयातीत ते पुरं झालं नाही, पण आज आपली शेतं त्याच पाण्यावर पिकतात.

पाणी असून भागत नाही, ते सगळ्यांना मिळालं पाहिजे. गंगाराम कांबळे या दलित समाजातल्या नोकराला पाण्याला शिवला म्हणून मार बसला होता. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल घालायला मदत केली आणि स्वतः जाऊन तिथला चहा घेतला. पुढं 1919 साली हुकूम काढले, की सरकारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने यांत शिवाशिव पाळायची नाही. यातली गोम बघा माउली. ज्याला चांगल्या विहिरीवर येऊ देत नाहीत तो डबक्याचं पाणी पितो. पटकी त्याच्या घरी आधी येते, आणि मग जात न विचारता सगळ्या गावात फिरते.

1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळंत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. शिकलेली आई पोराचं दुखणं लवकर ओळखते. तरुणांनी अंग कमवावं म्हणून तालमींना आधार दिला, 1912 साली खासबागचं मैदान उभं केलं. 6 मे 1922 ला मुंबईत महाराज गेले. वय अवघं सत्तेचाळीस.

आता आपलं बघू. पूर्वी वारीतून पटकी गावोगाव जायची. आता लस आहे, दवाखाना आहे. तरी 2012 साली इचलकरंजीत घाण पाण्यानं काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. पंचगंगेत आपल्याच गावांचं सांडपाणी जातं. देवाला न्हाऊ घालायला तेच पाणी न्यायचं का, ह्याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

म्हणून दिंडीतल्या आणि गावातल्या मंडळींना आमचं मागणं आहे. मुक्काम हलवताना जागा झाडून निघावं. उघड्यावर बसू नये. पाणी झाकून ठेवावं, शक्य तर उकळून प्यावं. पंगतीत कुणाला वेगळं बसवू नये. गळ्यात माळ आहे तर तोंडात मावा नको, हे तरुण पोरांना मायेनं सांगावं. कुणी आजारी पडलं तर अंगाऱ्यावर न थांबता डॉक्टरकडं न्यावं. महाराजांनी राजा असून हे केलं. आपण टाळकरी, विणेकरी आपापल्या गल्लीपुरतं केलं तरी पुढच्या शंभर वर्षांचे वारकरी धडधाकट पायानं पंढरीला जातील.

राम कृष्ण हरी.