कोल्हापूरहून गेलेले पत्र

निपाणीतल्या माणसाला कोल्हापूरचे सीपीआर कुठे आहे हे सांगावे लागत नाही. अपघात असो, अडलेली बाळंतीण असो, नाहीतर खाजगी दवाखान्याचा खर्च न झेपणारा आजार असो, कोगनोळी आणि कागल मागे टाकून गाडी चाळीसेक किलोमीटरवर त्याच दारात जाऊन उभी राहते. राज्याची हद्द मध्ये येते, पण दुखण्याला हद्द कळत नाही. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे त्याचे आजचे पूर्ण नाव. जुन्या दगडी इमारतीचे मूळ नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. या दवाखान्यातल्या स्त्रियांच्या विभागावर १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. पण त्या रुजू होऊ शकल्या नाहीत.

आनंदीबाईंचे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले असते. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीही अनेकांनी वाचली असेल. तरी यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हाच विषय घेतला, त्याला कारण घरातलेच आहे. माझ्या थोरल्या भावाच्या मुलीने अॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजीची बी.एस्सी. केली आहे. ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून यंत्र, नळ्या, औषधे आणि रोग्याचा श्वास सांभाळायचा, असे तिचे काम. तिला पुढे एम.एस्सी. करायची आहे. जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. मागच्या वर्षी तिला नकार आला. यंदा पुन्हा फॉर्म भरताना ‘हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे’ या रकान्यापाशी ती अडली आणि मला म्हणाली, काका, तुम्ही ऑफिसात एवढे अर्ज लिहिता, हा लिहून द्या की. मी डिप्लोमावाला माणूस, आणि ऑफिसातले अर्ज कन्नडमधून. मी तिला अर्ज लिहून दिला नाही. मला आठवलेला एक जुना अर्ज तेवढा तिला सांगितला.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५, घराणे कल्याणच्या जोशांचे. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवू देणार असाल तरच लग्न करीन, अशी त्यांची अट होती. आज आपल्याला ही अट गोड वाटते. पण गोपाळरावांचा स्वभाव विक्षिप्त आणि तापट होता. अभ्यास टाळला म्हणून त्यांनी बायकोवर हातही उगारला आहे, आणि त्याचे कौतुक करण्याचे मला काही कारण दिसत नाही. तरी ज्या काळात बायकोने स्वयंपाक केला नाही म्हणून नवरे मारत, त्या काळात हा गृहस्थ तिने पुस्तक बाजूला ठेवले म्हणून चिडत होता, हेही खरे. त्यांना चांगले किंवा वाईट अशा एका खणात घालणे मला जमलेले नाही.

चौदाव्या वर्षाच्या आसपास आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर मूल वाचले असते, असे त्यांच्या मनाने घेतले. बाईला बाई डॉक्टर हवी, ही गोष्ट त्यांना कुठल्या व्याख्यानात ऐकून कळली नव्हती.

गोपाळरावांच्या बदल्या सतत चालू होत्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, नंतर थेट कलकत्त्याकडे. खानापूर, हुक्केरी, रायबाग एवढ्या तीन बदल्यांत आमच्या घरातली भांडीकुंडी निम्मी फुटली. मुलांची शाळा बदलताना काय होते तेही मी पाहिले आहे. या बाईचा तर प्रत्येक बदलीला मुलूख आणि भाषाही बदलत होती. पण त्याचा उपयोग पुढे कसा झाला ते येईलच.

या सगळ्यात कोल्हापूरचा मुक्काम आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम रेव्हरंड वाइल्डर यांनी सुरू केलेले होते. ते पुढे अमेरिकेत परतले. १८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुरातून त्यांना पत्र लिहिले. मला बायकोला शिकवायचे आहे, इथे सोय नाही, अमेरिकेत मला काही काम मिळेल का, असा त्याचा आशय. कोल्हापूरला तेव्हा रेल्वेही आलेली नव्हती. वाइल्डर यांचे उत्तर आले ते असे, की आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हते. म्हणजे पहिल्या अर्जाला नकार.

पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मिशनच्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला अंक त्यांनी सहज उचलला आणि ते पत्र त्यांच्या वाचनात आले. एका अनोळखी मुलीची शिकण्याची धडपड त्यांच्या मनाला लागली. त्यांनी स्वतः होऊन पत्र लिहिले. तिथून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि बघता बघता आनंदीबाईंना त्यांच्यात मावशी मिळाली. बंगालमध्ये असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळत होती. डोके दुखे, ताप येई, अशक्तपणा जाईना. कार्पेंटरबाई तिकडून औषधे पाठवत. ही प्रकृतीची गोष्ट ध्यानात ठेवावी.

फिलाडेल्फियाला स्त्रियांसाठी वैद्यकीय कॉलेज आहे ही माहिती त्यांना मिळाली. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, स्थापना १८५०. गोपाळरावांना सोबत जाता येईना, म्हणून बायकोने एकटीने जावे असे ठरले. अठरा वर्षांची ब्राह्मण विवाहिता एकटी समुद्रापार जाणार म्हटल्यावर काय गदारोळ झाला असेल! २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (हे बंगालमधले, नगर जिल्ह्यातले नव्हे) येथील कॉलेजच्या सभागृहात त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जातो ते इंग्रजीत सांगितले. हिंदुस्थानात शिकण्याच्या अडचणी, एकटीने जाण्याचे भय, जातीतून बाहेर टाकले जाण्याची धमकी, एकेक शंका घेऊन त्यांनी उत्तर दिले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही निक्षून सांगितले. त्यानंतर मदतही आली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी दोनशे रुपये दिले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. बंदरावर कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या.

आता तो अर्ज. जून महिन्याच्या अखेरीस रोझेलहून त्यांनी कॉलेजला पत्र लिहिले. मी आयुष्यात हजारो अर्ज हाताळले आहेत, अर्ज कसा असतो हे मला कळते. अर्जदार आपली बाजू फुगवतो आणि कमी असेल ते झाकतो. आनंदीबाईंनी सुरुवातच कमी काय आहे तिथून केली. कॉलेजच्या प्रवेशाच्या सगळ्या अटी कदाचित आपण पुऱ्या करत नसू, हे त्यांनी स्वतःच मांडले. मग जे आहे ते सांगितले. वय अठरा. शिक्षण कुठवर झाले ते. येणाऱ्या भाषा सात. बदल्यांमधून हाती आलेली कमाई ती हीच असावी, असे मला वाटते. पुढे त्यांनी लिहिले की आप्तेष्ट आणि जात यांचा विरोध पत्करून जो निश्चय आपल्याला इथवर घेऊन आला, तो काही मोजला जाणार असेल तर मोजावा. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हाताने उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी आपल्याला ही विद्या हवी आहे, एवढेच कारण त्यांनी दिले. मोठमोठे शब्द नाहीत.

एका गोष्टीत मात्र त्या इतर अर्जदारांसारख्याच होत्या. प्रकृती चांगली आहे, असे त्यांनी लिहिले. बंगालमधल्या आजारपणानंतर हे सर्वस्वी खरे नव्हते. पण कुणी त्यांना दोष देईल असे मला वाटत नाही. तेवढी एक ओळ खरी लिहिली असती, तर बहुधा पुढचे काहीच घडले नसते.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडले या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी या मुलीला प्रवेश दिला आणि पुढे आईसारखी माया केली. कॉलेजने पैशाची सवलतही दिली. ऑक्टोबरात अभ्यास सुरू झाला.

माझ्या पुतणीने इथे मला मध्येच विचारले, त्या काळी भूल कोण द्यायचे? तिच्यासाठी मी थोडे शोधले. ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टनला १८४६ साली झाला आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. त्यावर पुष्कळ वाद झाला. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने स्वतः बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा तो बराचसा शमला. आनंदीबाईंच्या वेळी भुलीचा स्वतंत्र अभ्यासक्रम कुठे नव्हता. जो हाताशी असेल त्याने द्यायची. त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात ईरी गावच्या दवाखान्यात सिस्टर मेरी बर्नार्ड या जोगीण १८७७ पासून हे काम करत होत्या. आपल्याकडे हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाईंनी १८८५ साली वैद्यकीय शिक्षण घ्यायला सुरुवात केली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांनाही भुलीचा पुढचा अभ्यास करायचा तर कोर्स नव्हता. म्हणून १९०९ साली त्या एडिंबरोला गेल्या आणि त्या कामाला लागणारे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रच शिकून आल्या. पुतणी म्हणाली, म्हणजे फॉर्म भरायची भानगडच नव्हती!

फिलाडेल्फियाची थंडी आनंदीबाईंना मानवली नाही. खोलीतली शेगडी नीट पेटत नसे, धूर कोंडे. जेवण शाकाहारी, तेही स्वतः रांधायचे. खोकला जडला आणि क्षयाने आत घर केले. तरी तीन वर्षांचा अभ्यास पुरा झाला. प्रबंध त्यांनी आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर लिहिला. त्यात आपले जुने वैद्यकग्रंथ आणि अमेरिकन पुस्तके दोन्हींचा आधार होता. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. गोपाळराव तोवर अमेरिकेत पोचले होते आणि पंडिता रमाबाई या सोहळ्यासाठी मुद्दाम आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले.

त्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांकडून अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या नेमणुकीचे पत्र आले. म्हणजे ज्या गावाहून आठ वर्षांपूर्वी पहिले पत्र गेले आणि नकार आला, त्याच गावाने आता त्यांना बोलावले. त्यांनी ते स्वीकारले. आमच्या खात्यात नेमणुकीचा आदेश हातात पडला की रुजू व्हायला ठरावीक दिवसांची मुदत असते. कोल्हापूरने त्यांची वाट पाहिली.

१६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईला उतरल्या त्या खंगलेल्या अवस्थेत. स्वागत थाटाचे झाले, पण ताप उतरेना. पुण्यात उपचार चालू राहिले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर बाकी होता. डॉक्टर म्हणून एकही रोगी त्यांना आपल्या देशात तपासता आला नाही. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या आणि मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. तिथे त्यांच्या नावाचा दगड आजही आहे.

कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत डॉ. कृष्णाबाई केळवकर काम करू लागल्या. आपल्याकडच्या किती बायका त्यांच्या हाताखाली सुखरूप बाळंत झाल्या असतील, त्याचा हिशेब कुणाकडे नाही.

पुतणीचा अर्ज गेल्या आठवड्यात गेला. पोस्टाने नव्हे, ऑनलाइन. पाठवण्याआधी तिने मला वाचायला दिला. पहिल्याच परिच्छेदात तिने दुसऱ्या वर्षाचे कमी पडलेले गुण लिहिले होते आणि मागच्या वर्षी नकार आल्याचेही. त्याखाली एका रात्रीची हकीकत होती. सिझेरियनला आणलेल्या, भीतीने थरथरणाऱ्या एका पोरीचा हात तिने भूल चढेपर्यंत धरून ठेवला होता. ती पोर कन्नड बोलत होती आणि ही तिच्याशी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलत राहिली. मी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि बाकीचे तसेच राहू दिले.