झिजेशी झुंजणारा शल्यविशारद

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आज शहरांतील रुग्णालयांत नित्याची झाली आहे. तिला भक्कम शास्त्रीय पाया देणारे ब्रिटिश शल्यविशारद सर जॉन चार्नली यांची खरी झुंज होती ती सांध्याच्या झिजेशी.

इंग्लंडच्या लँकेशायरमधील बरी या गावी २९ ऑगस्ट १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. मँचेस्टर येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवा बजावली. खुब्यात ॲक्रिलिकचा गोळा बसविलेल्या एका रुग्णाचा सांधा हालचाल करताना करकरत असल्याचे पुढे त्यांच्या कानी आले. या क्षुल्लक वाटणाऱ्या तक्रारीतून त्यांचे लक्ष घर्षणाकडे वळले. घर्षण जितके अधिक, तितका कृत्रिम भाग हाडातून सैल होण्याचा धोका अधिक, हे त्यांनी ताडले.

रायटिंग्टन रुग्णालयात त्यांनी धातूचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी अशी रचना सिद्ध केली. गोळा हाडात पक्का बसविण्यासाठी दंतवैद्यकात परिचित असलेले ॲक्रिलिक सिमेंट वापरले. गोळ्याचा व्यासही त्यांनी कमी करीत सुमारे २२ मिलिमीटरवर आणला. लहान गोळा वाटीच्या पृष्ठभागावर कमी अंतर घासतो, त्यामुळे सुटणारा चुरा घटतो, हे त्यामागील गणित होते.

सुमारे ३०० रुग्णांना वेदनामुक्ती लाभली. पण ती अल्पजीवी ठरली. टेफ्लॉन निसरडे असले तरी शरीराच्या भाराखाली झपाट्याने झिजत होते. गोळा वाटीत रुतत गेला. सुटलेल्या सूक्ष्म कणांना शरीराने परके मानले. भोवती दाह होऊन गाठी झाल्या आणि हाड पोखरले गेले. या कणांचा परिणाम पडताळण्यासाठी चार्नली यांनी स्वतःच्या मांडीत टेफ्लॉन रोवून घेतले. आपल्याच रुग्णांच्या फसलेल्या वाट्या काढण्याचे क्लेशदायक कामही त्यांनी स्वतः अंगावर घेतले.

१९६२ मध्ये यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे उच्च रेणुभाराचे पॉलिइथिलीन प्रयोगशाळेत आले. चार्नली साशंक होते. परंतु त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते झीज-यंत्रावर चढविले. टेफ्लॉन एका दिवसात जेवढे झिजे, तेवढेही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी वाटी रुग्णाच्या शरीरात बसविण्यात आली.

१९७७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. पॉलिइथिलीनही झिजतेच, हे नंतरच्या काळाने दाखविले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्साराने अधिक टिकाऊ केलेले पॉलिइथिलीन आले. धातूवर धातू घासणारे काही सांधे मात्र २०१० च्या सुमारास बाजारातून मागे घ्यावे लागले. निसरडा पदार्थ टिकाऊ असेलच असे नाही, हा चार्नली यांनी मोठी किंमत मोजून घेतलेला धडा आजही तितकाच खरा आहे.