अणुभट्ट्या उभारणाऱ्या होमी भाभांनी सुरक्षेसाठी काय करून ठेवलं होतं?

गिरगावातल्या खोताच्या वाडीपासून नकाशावर ईशान्येकडे सरळ रेघ ओढली, तर साधारण १२ किलोमीटरवर ती ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राला जाऊन भिडते. लाकडी जिने, पुढे व्हरांडा आणि घराला घर लागून असलेली ही जुनी वाडी आणि देशातल्या पहिल्या अणुभट्ट्या यांच्यामध्ये आज दाट वस्तीचं शहर पसरलेलं आहे. भूकंप झाला, पूर आला किंवा भट्टीतच काही बिघडलं, तर या शहराचं काय, असा प्रश्न कुणालाही पडेल.

भट्ट्या इथे आणणाऱ्या माणसाने या प्रश्नाचा विचार केला होता का? केला होता, आणि त्याचा लेखी पुरावाही आहे. पण त्या विचारात एक मोठी पोकळी राहून गेली. ती भरायला त्यांच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं गेली.

मुंबईचा मुलगा

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. घर सधन पारशी. वडील जहांगीर भाभा वकील होते आणि टाटांच्या उद्योगांशी जोडलेले होते. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तकं होती, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या. होमी चित्रंही उत्तम काढत.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावं, अशी घरच्यांची इच्छा. त्यांनी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण केलं, पण मन भौतिकशास्त्रात रमलं होतं. पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर कसे आदळतात, याचं गणित त्यांनी मांडलं. ते आजही भाभा स्कॅटरिंग म्हणून शिकवलं जातं. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत दिला.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परतणं लांबलं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली ते काम करू लागले. तिथेच त्यांचा निर्णय बदलला: आता भारतातच राहायचं.

एका पत्रातून उभी राहिलेली संस्था

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. पुढे अणुऊर्जेसाठी माणसं लागतील तेव्हा ती परदेशातून आणावी लागू नयेत, असा त्यामागचा हिशोब होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सव्वा वर्षाहून जास्त अवकाश होता.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. त्याच वर्षअखेरीस ती पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. नंतर गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, अध्यक्ष भाभा. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग निघाला, सचिव भाभा. ट्रॉम्बेचं केंद्र उभं राहिलं, संचालक भाभा. हा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत होता आणि नेहरूंचा भाभांवर पूर्ण विश्वास होता. त्यामुळे फाइल अडत नव्हती. पण सगळ्या खुर्च्यांवर एकच माणूस बसला होता, हेही तितकंच खरं.

पाण्यात ठेवलेली भट्टी

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेत अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. तत्कालीन सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली भट्टी. इंधन ब्रिटनचं, बांधणी इथल्या इंजिनिअरांची.

अप्सरा समजायला सोपी आहे. एका खोल हौदात पाणी आणि त्या पाण्यात बुडवलेलं युरेनियमचं इंधन. हेच पाणी भट्टी थंड ठेवतं आणि किरणोत्सर्गही अडवतं. भट्टी चालू असताना पाण्यात निळसर प्रकाश दिसतो. अप्सरा हे नाव नेहरूंनी दिलं.

पुढची सायरस ही भट्टी मात्र वेगळ्या प्रकारची होती. कॅनडाच्या मदतीने, तिथल्या चॉक रिव्हर इथल्या एनआरएक्स या भट्टीच्या नमुन्यावर ती बांधायचं १९५६ मध्ये ठरलं. जड पाणी अमेरिकेचं. सायरसची औष्णिक क्षमता ४० मेगावॅट होती, अप्सराची जेमतेम १.

त्याआधी चार वर्षांपूर्वी, डिसेंबर १९५२ मध्ये, याच एनआरएक्समध्ये जगातल्या पहिल्या मोठ्या अणुभट्टी अपघातांपैकी एक घडला होता. भट्टी थांबवणारे दांडे वेळेवर खाली गेले नाहीत, माणसांकडूनही चुका झाल्या आणि इंधनाचा काही भाग वितळला. तळघरात लाखो लिटर किरणोत्सर्गी पाणी साचलं. साफसफाईला अमेरिकी नौदलाचं पथक गेलं. त्यात जिमी कार्टर नावाचा तरुण अधिकारी होता, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. ऑक्टोबर १९५७ मध्ये ब्रिटनच्या विंडस्केलमध्ये भट्टीला आग लागली आणि आजूबाजूच्या मोठ्या परिसरातलं दूध ओतून द्यावं लागलं.

म्हणजे जुलै १९६० मध्ये सायरस सुरू झाली तेव्हा अपघात ही कल्पना उरली नव्हती. तो कसा होतो, हे जगाने पाहिलं होतं.

१९६० चा आदेश

सायरस सुरू होण्याच्या काही महिने आधी, २७ फेब्रुवारी १९६० रोजी, भाभांनी ट्रॉम्बेच्या केंद्रासाठी एक लेखी सूचना काढली. तिचा आशय असा: किरणोत्सर्गी पदार्थ अशा पद्धतीने हाताळायचे की केंद्रातल्या कामगारांनाच काय, बाहेरच्या कुणालाही इजा होता कामा नये. आणि हे काम इतकं चोख असायला हवं की देशातल्या इतर संस्थांना तो नमुना म्हणून दाखवता येईल.

हा आदेश कागदावर राहिला नाही, कारण त्यामागे एक यंत्रणा होती. ए. के. गांगुली यांच्या नेतृत्वाखाली हेल्थ फिजिक्स, म्हणजे किरणोत्सर्गापासून संरक्षणाचं काम पाहणारा विभाग वाढला. कर्मचाऱ्यांच्या कपड्यांवर फिल्म बॅज लावले जाऊ लागले. ही फिल्म किरणोत्सर्गाने काळवंडते आणि त्यावरून कुणाला किती मात्रा मिळाली हे कळतं.

दुसरी पद्धत तितकीच महत्त्वाची: भट्टी सुरू व्हायच्या आधीच परिसराची मोजणी करायची. पाणी, माती, मासळी, दूध यांत निसर्गतः किती किरणोत्सर्ग आहे हे आधी नोंदवलेलं असेल, तरच नंतर किती वाढला हे सांगता येतं. आधीचा आकडा नसेल तर काहीच झालं नाही हा दावाही खोटा ठरवता येत नाही आणि सगळं नासलं ही अफवाही. १९६२ मध्ये ट्रॉम्बेच्या भट्ट्यांसाठी सुरक्षा समितीही नेमण्यात आली.

मग पोकळी कुठे होती?

सुरक्षा तपासणारी समिती आणि भट्टी चालवणारी माणसं एकाच केंद्रातली होती. दोघांचे प्रमुख भाभाच. कायद्याने अणुऊर्जेच्या माहितीभोवती गुप्ततेची भिंतही उभी केली होती. १९४८ च्या कायद्यावर चर्चा झाली तेव्हाच या गुप्ततेवर प्रश्न विचारले गेले. नंतर संसदेत शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनीही टीका केली.

खुद्द भाभांच्या संस्थेतून वेगळा आवाज आला तो दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा. इतिहासकार म्हणून ओळखले जाणारे कोसंबी मूळचे गणितज्ञ. डेक्कन क्वीनने पुण्याहून येऊन ते टाटा संस्थेत काम करत. भारतासारख्या उन्हाच्या देशाने महागड्या अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेकडे वळावं, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी उघडपणे मांडलं. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्यामागे अनेक कारणं सांगितली जातात. पण परिणाम असा की विरोधी मत मांडणारा एक मोठा आवाज संस्थेतून कमी झाला.

भाभांच्या हयातीत ट्रॉम्बेत मोठा अपघात झाला नाही. पण चांगल्या प्रमुखाच्या शिस्तीवर उभी असलेली सुरक्षा तो प्रमुख गेल्यावर कुणाच्या भरवशावर राहते, याचं उत्तर त्यांच्या व्यवस्थेत नव्हतं.

तारापूर आणि कोयनेचा धक्का

१९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि मुंबईच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर, तारापूरच्या किनाऱ्यावर, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र बांधायचं ठरलं. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्या, प्रत्येकी २१० मेगावॅटच्या.

हे केंद्र पाहायला भाभा राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजुंगा हे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. विमानातले सर्व ११७ जण ठार झाले. घातपाताच्या चर्चा आजही होतात, पण चौकशीत कारण निघालं ते विमानाची जागा समजण्यातली चूक. भाभा ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव देण्यात आलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. भूकंपाची तीव्रता ६ पेक्षा जास्त होती. सुमारे १८० माणसं गेली, धरणाला भेगा पडल्या. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असं तोवर मानलं जात होतं. तो समज त्या पहाटे मोडला. तारापूरची भट्टी सुरू व्हायला तेव्हा दोन वर्षंही उरली नव्हती. १९६९ मध्ये तारापूर वीज देऊ लागलं. नोव्हेंबर २०१८ पासून तारापूरच्या शेजारच्या डहाणू-तलासरी भागात लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा हा जुना प्रश्न पालघरमध्ये पुन्हा विचारला गेला.

भूकंप भट्टीपर्यंत कसा पोहोचतो?

नैसर्गिक आपत्तीत धोका फक्त इमारत पडण्याचा नसतो. भट्टी बंद केली तरी इंधन बराच काळ उष्णता सोडत राहतं. ते थंड ठेवायला पाणी लागतं आणि पाणी फिरवायला वीज. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमात भूकंपाने भट्ट्या आपोआप बंद झाल्या. नंतर त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पाणी थांबलं आणि इंधन वितळलं. त्याआधी २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या केंद्रात समुद्राचं पाणी पंपहाऊसमध्ये शिरलं होतं. तिथली चालू भट्टी सुरक्षित बंद झाली, पण वसाहतीत जीव गेले. तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्या फुकुशिमाच्याच जातकुळीतल्या असल्याने २०११ नंतर त्यांचीही फेरतपासणी झाली.

मदतकार्यही इथे उलटं होतं. भूकंपात लोकांना घराबाहेर काढतात. किरणोत्सर्ग पसरला तर आधी घरात राहा, दारं-खिडक्या बंद करा, असं सांगावं लागतं. गरजेप्रमाणे आयोडीनच्या गोळ्या देतात, म्हणजे थायरॉइड ग्रंथी किरणोत्सर्गी आयोडीन शोषत नाही. दोन्ही आपत्ती एकत्र आल्या, तर पडायला आलेल्या घरात थांबायचं की बाहेर यायचं, हा निर्णय कुणीतरी घ्यावा लागतो. केंद्राच्या कुंपणाबाहेर मदतीची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अणु आणि किरणोत्सर्गी आपत्तींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २००९ मध्ये.

भाभांनंतर

भट्टी चालवणाऱ्यांपासून वेगळा पहारेकरी हवा, हे मान्य व्हायला १७ वर्षं लागली. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. पण तेही ज्या आयोगाला उत्तरदायी होतं, त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचेच सचिव. २०१२ मध्ये कॅगने अहवालात नेमकं यावर बोट ठेवलं: मंडळाला कायद्याने पुरेसं स्वातंत्र्य नाही.

अप्सरा २००९ मध्ये थांबली, सायरस २०१० च्या शेवटच्या दिवशी. १९६० च्या त्या सूचनेचा दाखला मात्र भारतातल्या अणुसुरक्षेच्या इतिहासात अजूनही पहिल्यांदा दिला जातो. सुरक्षा केंद्रातल्या माणसांपुरती नाही, बाहेरच्या माणसाचीही आहे, हे भाभांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. ती पाळली जाते का, हे बाहेरच्या माणसाला विचारता येईल अशी जागा मात्र त्यांनी ठेवली नव्हती.